पिकअपमध्ये बांधलेला मिनी ट्रॅक्टर वाटेत सैल पडायचा: माझा अनुभव

आमचा १८ एचपीचा ट्रॅक्टर दोन गावांतल्या द्राक्षबागांत फिरतो. पिकअपमध्ये घट्ट बांधला तरी आठ-दहा किलोमीटरवर बेल्ट लोंबायचे आणि गतिरोधकावर ट्रॅक्टर वीतभर मागे सरकायचा. जाड दोर घेतला, चाकांखाली वाळूची पोती घातली, बेल्ट आणखी आवळला. मडगार्ड तेवढं वाकलं. मागे दुचाकीवर कुणीतरी येतंय, या धास्तीने फार त्रास झाला.

चूक बांधायच्या जागेत होती. पुढचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे वरचा सांगाडा बांधला की तो हलत राहतो आणि बेल्ट सुटतो.

आता असं करतो. मागे जोडलेलं मशागतीचं अवजार, रोटाव्हेटर, काढून ठेवतो. पिकअप बांधाला अशी लावतो की फाळका जवळजवळ सपाट राहील, आणि तिच्या चाकांना ठोकळे देतो. चारही टायरची हवा बघून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवतो. सरळ चढवताना पुढची चाकं उचलली जाऊ शकतात. मग पहिला गियर, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. शेवटी चार वेगळे रॅचेट बेल्ट (खटक्याच्या दांडीने आवळायचे पट्टे): दोन पुढच्या अ‍ॅक्सलला, दोन मागच्या अ‍ॅक्सलच्या नळ्यांना, प्रत्येक तिरका खाली हौद्याच्या लोखंडी कडीत. कडा धारदार असेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा.

पाच किलोमीटरवर थांबून एकदा आवळतो. त्यानंतर बेल्ट सैल पडलेला नाही.