जुन्या मॉरिसचा हीटर: आधी सील, मग ऊब

गोव्यात गाडीला हीटर कशाला, असं फोंड्यातल्या माझ्या गॅरेजात पाय ठेवणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. जुलैच्या पावसात मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश गाडी घेऊन चोर्ला घाट चढा, उत्तर आपोआप मिळेल. काचा बंद, आत भिजलेली चार माणसं, एसीचा पत्ता नाही. बघता बघता समोरची काच आतून पांढरी होते आणि फडक्याने पुसली की पुन्हा तेच. हवा तापली की जास्त वाफ धरू शकते, म्हणून हीटरचा झोत काचेवर पडला की ती स्वच्छ होते. आपल्याला हीटर लागतो तो काचेसाठी. म्हणून तो बसवताना माझा निम्मा वेळ सीलवर, म्हणजे फटी बंद करण्यावर जातो, आणि तुमचाही जावा असं मला मनापासून वाटतं.

हीटर गाडीवर चढवण्याआधी टेबलावर उघडा. डिचोली-साखळीकडच्या गाड्यांच्या पेटीत खनिजाची तांबडी धूळ आणि कुजलेला पाला यांचा घट्ट थर सापडतो, कधी उंदराचं घरटंही. सगळं काढून कोर, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी फिरतं तो पेटीतला छोटा रेडिएटर, साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी आलटून पालटून धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग एक तोंड बुचाने बंद करा, दुसऱ्याला सायकलचा पंप जोडा आणि कोर पाण्याच्या बादलीत बुडवा. हळू दाब द्या, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलाय त्याहून किंचितच जास्त. बुडबुडे दिसले की रेडिएटरवाल्याकडून झाळून घ्या. तिथे एम-सील लावून भागवू नका, ते टिकत नाही.

जुना होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, ओढून काढायचा नाही. कोरची पितळी नळी झाळलेली असते, पिळली की सांधा फुटतो. ब्लेडने होज उभा चिरा आणि सालीसारखा सोलून काढा. पेटीतलं किंवा फायरवॉलवरचं (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरचं) जुनं राखाडी, तंतूंचं पॅकिंग मात्र सुकं खरवडू नका. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करा, तोंडाला चांगला मास्क लावा, अखंड काढा आणि पिशवीत बंद करून ठेवा.

पाण्याची वाट अशी: इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, मागच्या बाजूला दोन स्टडवर बसणारा कॉक (पाण्याचा छोटा नळ), तिथून गरम पाणी कोरमध्ये, आणि परत रेडिएटरच्या खालच्या होजकडे, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या बाजूला. परतीची नळी चुकीच्या ठिकाणी जोडली तर पाणी फिरतच नाही. कॉकखाली नवी गॅस्केट हवीच. होज अर्ध्या इंचाचा, आत धागा असलेला, हीटरचाच घ्या. बागेची नळी गरम पाण्यात मऊ पडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ॲक्सिलरेटरचा दांडा यांपासून तो लांब बांधा.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तपासा. आपल्याकडे गाडी तापेल या भीतीने तो काढून टाकायची जुनी सवय आहे. तो नसला की घाट उतरताना इंजिन थंड पडतं, पेट्रोल जास्त जातं आणि हीटर कोमट राहतो. या इंजिनांना 82 अंशांचा थर्मोस्टॅट असे, गरम हवामानासाठी 74 अंशांचाही. आपल्याला 74 चा बरा.

आता सील. फोम बंद छिद्रांचाच वापरा, निओप्रीन किंवा ईपीडीएम रबराचा. सोफ्याचा स्पंज पाणी पितो आणि तेच पाणी पत्र्याला लावून ठेवतो. गोव्याच्या दमट हवेत त्याखालचा पत्रा किती लवकर गंजतो ते मी पाहिलंय. निवडताना एक तुकडा पाण्यात दाबून सोडा, जड झाला तर परत करा. पेटी स्क्रूने बसली की खालची फोमची पट्टी साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे. त्याहून जास्त दाबली तर तिची उसळी मरते. पट्टीचा सांधा वरच्या बाजूला नको, तिथे पाणी थांबतं.

फायरवॉलमधून होज आणि वायर जातात त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी कडी, घाला. आधी भोकाची कड घासून प्रायमर मारा. उरलेली फट न्यूट्रल सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं. मात्र काचेखालच्या पाण्याच्या निचऱ्याची भोकं चुकूनही बुजवू नका, तार घालून मोकळी करा.

हे सगळं कोरडेपणासाठी आहेच, पण त्याहून मोठं कारण धूर. फायरवॉलच्या फटीतून एक्झॉस्टचा वायू आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पावसात काचा बंद असतात. म्हणून रात्री अंधारात बोनेटखाली दिवा ठेवा आणि आत बसून डॅशबोर्डखाली बघा. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तिथे खडूने खूण करा. मग इंजिन चालू ठेवून उदबत्ती त्या जागी धरा, धुराची रेघ हलली की हवा येतेय. शेवटी काचेच्या खालच्या कडेवर बादली ओता आणि आत पायाशी वर्तमानपत्र पसरून ठेवा. ओला डाग कुठे पडतो यावरून गळती सापडते.

मोटरची वायर जोडण्यापूर्वी बॅटरीचं अर्थिंग, म्हणजे तिचं कुठलं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलंय ते पाहा. या गाड्या मुळात पॉझिटिव्ह अर्थिंगच्या, बऱ्याच नंतर बदललेल्या. हवा कमी वाटली तर पंखा उलटा फिरत नाही ना ते बघा. फ्यूज हवाच.

कूलंट भरताना कॉक पूर्ण उघडा ठेवा, गाडीचं नाक चढावर करा, म्हणजे हवा रेडिएटरच्या तोंडातून निघते. होज गारच राहिला तर हवा अडकलीय, वरचा होज हळूच दाबत राहा. पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण गार झालं की सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा आणि पातळी भरा. पावसाळा संपला की कॉक बंद करा, पण महिन्यातून एकदा उघडझाप करा, नाहीतर जूनमध्ये तो जाम झालेला मिळेल.