फायबर ऑप्टिक दिवा: कामाला बसण्याआधी

उजेड वाहून नेणारे बारीक धागे (ऑप्टिकल फायबर) मागवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: उजेड फक्त टोकांवर हवा, की धाग्याच्या सगळ्या अंगावर? कारंज्यासारखा पसरणारा आणि टोकाटोकाला चांदणी लुकलुकणारा दिवा हवा असेल तर ‘एंड ग्लो’ धागे घ्यायचे. ‘साइड ग्लो’ धागा अंगभर उजळतो, पण टोकांची मजा त्यात राहत नाही. दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात, म्हणून पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या. काचेचे तंतू मात्र नकोत. त्यांची कुसळं कातडीत शिरतात. सजावटीसाठी पीएमएमए, म्हणजे अॅक्रिलिकचेच धागे.

जाडी माझ्या मते ०.७५ मिमी. ०.२५ मिमीचे धागे फार सुरेख झुलतात, पण बांधताना जीव मेटाकुटीला येतो. १ मिमीच्या पुढे ते ताठ उभे राहतात आणि कारंजं होण्याऐवजी खराटा होतो. टेबलावरच्या दिव्याला प्रत्येकी ३५ सेंमीचे २०० धागे पुरतात. म्हणजे ७० मीटर, आणि कापताना वाया जाणारे धरून ७५. एवढ्या धाग्यांची जुडी साधारण १२ मिमी व्यासाची होते, म्हणून तेवढ्याच आतल्या व्यासाची, ३ सेंमी लांबीची अॅल्युमिनियमची नळी लागेल. रिळावरून आलेल्या धाग्यांना बाक असतो. तो काढत बसू नका, झुबक्याला त्यानेच डौल येतो. फक्त धागा कुठे दुमडू देऊ नका. एकदा घडी पडली की उजेड तिथेच गळतो.

आता धाग्यांना उजेड देणारा दिवा. १ वॉटचा एलईडी भरपूर होतो. त्याला हीट सिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच, कारण अॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून उष्णतेने खराब होऊ लागतं. एलईडी आणि जुडी यांत ३ ते ५ मिमी अंतर ठेवा आणि एलईडी ज्यात बसतो त्या बैठकीला खालून व बाजूंनी भोकं पाडा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. असा धागा साधारण ६० अंशांच्या शंकूत येणारा उजेडच आत घेतो, तर उघडा एलईडी तो १२० अंशांत उधळतो. ३० अंशांची छोटी लेन्स यादीत लिहून ठेवा. तिने पडणारा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. रंगीत आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी घेतलात तर तिन्ही रंगांचे कण वेगवेगळ्या जागी असल्यामुळे शेजारशेजारचे धागे निरनिराळ्या रंगांचे दिसतात. ते आवडत असेल तर उत्तमच, नसेल तर मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावा.

वीज ५ व्होल्टच्या यूएसबी चार्जरवरच घ्या. घरातल्या मुख्य विजेच्या वायरी बैठकीत नकोत. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट खर्ची पडतात, उरतात १.८. एलईडीतून जाणारा प्रवाह ३५० मिलीअॅम्पिअरवर रोखायला ५.१ ओहमचा रेझिस्टर बसतो. तो ०.६ वॉटच्या आसपास तापतो, म्हणून २ वॉटचाच घ्या. सोल्डरिंगचं सामान, बटण, वायर हे ओघाने आलंच.

जुडी नळीत चिकटवायला दोन ट्यूबा मिसळून वापरायचा गोंद, म्हणजे इपॉक्सी. क्षणात चिकटणारा गम, थिनर, अॅसिटोन यांना या टेबलावर जागा देऊ नका. अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. जुडी बांधायला साधा दोरा घ्या. गरम हवेने आवळणाऱ्या नळीची उष्णता धागे मऊ करू शकते.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो जुडीच्या खालच्या टोकासाठी. सगळा उजेड तिथूनच आत शिरतो आणि खरखरीत टोक तो वाटेतच विखरून टाकतं. कात्री धागा चिरडते, म्हणून कोऱ्या पात्याचा कटर हवा. इपॉक्सी पूर्ण वाळल्यावर नळीच्या कडेशी जुडी सपाट कापायची. मग काचेवर ४००, ८००, १५०० आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर, प्रत्येक वेळी पाण्यात भिजवून, इंग्रजी आठाच्या आकारात हात फिरवत. मागच्या पेपरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. टोक आरशासारखं चमकलं की थांबा. वरची टोकं मात्र उंचसखल आणि थोडी तिरकी कापा. तिरक्या टोकातून उजेड बाजूलाही फेकला जातो.

डोळ्यांना चष्मा हवाच. कापलेले तुकडे टणकन उडतात आणि टोकदार असतात, त्यामुळे लहान मुलं नसलेली खोली निवडा आणि जमीन शेवटी ओल्या फडक्याने पुसा. इपॉक्सी ओतण्याआधी जुडी रबरबँडने बांधून अंधारात एलईडीवर धरा. एखादं टोक मिणमिणत असेल तर त्या धाग्याला मध्ये कुठेतरी घडी पडलेली असते. तो आत्ताच उपसून काढा, इपॉक्सी वाळल्यावर तो निघत नाही.