आधी उतार, मग चढ: रिकेट्स ग्लेनला मुलांना घेऊन जाताना

आपल्याला सवय असते ती आधी गड चढायचा आणि मग उतरायचा याची. रिकेट्स ग्लेन या अमेरिकेतल्या धबधब्यांच्या पार्कात नेमकं उलटं आहे. गाडी माथ्यावर लावायची, घळीत उतरायचं, आणि पोरं दमून चिडचिडी झाली की चढायला सुरुवात. पहिल्या वर्षी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धाकटा पाच वर्षांचा होता. उतरताना उड्या मारत पुढे पळत होता आणि परतीचा शेवटचा पाऊण तास बाबाच्या खांद्यावर बसून आला. दोन्ही सॅक माझ्याकडे, एक पाठीवर, एक पोटावर.

तेव्हापासून आम्ही दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा सगळे आपापल्या पायांनी परत आले. कसं, ते सांगते.

हे पेन्सिल्व्हेनियातलं स्टेट पार्क, बेंटन गावाजवळ. न्यू जर्सीत आमच्या घरापासून तीन तास धरावे लागतात. तिथल्या स्टेट पार्कांना प्रवेश फी नाही, पार्किंगचेही पैसे नाहीत, त्यामुळे खर्च काय तो पेट्रोलचा. दोन ओढे दोन घळींतून उतरतात, एक गनोगा ग्लेन आणि दुसरी ग्लेन ली. ते जिथे मिळतात त्या जागेचं नाव वॉटर्स मीट, म्हणजे आपला संगमच. नाव असलेले धबधबे एकूण २२. सगळे बघायचे तर ७.२ मैलांचा फेरा आहे. लहान मुलं असतील तर तो विसरा. वरचा ३.२ मैलांचा फेरा घ्या, त्यात १८ धबधबे येतात.

‘तीनच मैल ना?’ असं नवराही म्हणाला होता. आम्हाला खाणं, थांबणं, भांडणं धरून साडेचार तास लागले.

सुरुवात ‘लेक रोझ’ नावाच्या पार्किंगपासून करा. ते लहान आहे, शनिवार-रविवारी लवकर भरतं. पहिल्या वर्षी अकराला पोचलो, जागा नव्हती, लेक जीन या तळ्याच्या बीचजवळ गाडी लावून तिथून चालत आलो. मुलांच्या पायांतली निम्मी ताकद तिथेच संपली. आता पहाटे साडेपाचला निघतो. पोरांना झोपेतच गाडीत टाकायचं, कपडे तिथे बदलायचे.

उतरायचं गनोगाच्या बाजूने. या बाजूला दहा धबधबे आहेत आणि त्यातच सगळ्यात मोठा गनोगा, ९४ फुटांचा. तो ताज्या पायांनी बघायला मिळतो. पाणी एका धारेत पडत नाही, कातळाच्या थरांवर आपटत, फुटत, पांढरं होत खाली येतं. चष्म्यावर तुषार साचतात आणि बोलायला ओरडावं लागतं. इथे वीस मिनिटं काढा, पण जेवू नका. जेवण संगमावर. चढ सुरू होण्याआधी पोट भरलेलं हवं आणि सॅक हलकी झालेली हवी, एवढाच हिशोब. आम्ही दशम्या, कोरडी शेंगदाणा चटणी आणि गुळाच्या वड्या नेतो. वड्या मात्र संगमावर काढायच्या नाहीत, त्या चढासाठी राखून ठेवायच्या.

पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पडतात लोक इथेच. कर्नल रिकेट्स नावाच्या जमीनमालकाने सहा माणसं लावून १८८९ ते १८९३ अशी चार वर्षं ही वाट करून घेतली. दगडी पायऱ्या आहेत, उंची एकसारखी नाही, आणि तुषारांनी कायम ओल्या. उतरताना मुलाकडे पाठ करू नका. मोठ्या माणसाने एक पायरी खाली उभं राहायचं, तोंड मुलाकडे, आणि मूल आडवं होऊन, खेकड्यासारखं, एकेक पाय टाकत येईल. हात धरून ओढायचा नाही, त्याने तोल जातो. आपला हात नुसता समोर धरायचा, हवा तेव्हा ते पकडतं. काळा चकचकीत दगड दिसला की तिथे शेवाळ आहे असं समजा. खडबडीत, राखाडी दगडावर पाय द्या. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत. धाकट्याला मी पहिल्यांदा क्रॉक्स घातले होते, त्याबद्दल सासूबाई अजून ऐकवतात.

धबधब्याखाली किंवा डोहात उतरायला परवानगी नाही. मुलांना हे घरीच सांगून टाका, तिथे सांगाल तर रडारड होते. पोहायचं असेल तर उन्हाळ्यात लेक जीनचा बीच आहे, पण तिथे जीवरक्षक नसतो, लक्ष आपणच ठेवायचं.

संगमापासून ग्लेन लीने वर. आठ धबधबे, आणि चढत असल्यामुळे प्रत्येक धबधबा समोरून भेटतो. इथे माझी युक्ती कामाला येते. प्रत्येक धबधब्यापाशी नावाची पाटी आहे, आणि बरीच नावं इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची आहेत: मोहॉक, ओनायडा, सेनेका, ह्युरॉन, शॉनी. अठराही नावं एका पुठ्ठ्यावर लिहून मी लेकीच्या गळ्यात अडकवते, पेन्सिल दोऱ्याला बांधून. पाटी सापडली की खूण. उतरताना दहा खुणा झालेल्या असतात आणि ‘अजून आठच राहिलेत’ हे वाक्य चढावर गुळाच्या वडीपेक्षा जास्त चालतं. ओझोन हे नाव वाचून दोघं का हसत सुटली ते मला कळलं नाही, पण तेवढ्यात साठ फुटांचा टप्पा मागे पडला.

वर आलात की हायलँड ट्रेल, साधारण सव्वा मैल, बराचसा सपाट. मधे मोठमोठ्या खडकांच्या फटीतून वाट जाते. दमलेली मुलं तिथे पुन्हा जिवंत होतात, लपाछपीसाठी दहा मिनिटं धरून ठेवा.

आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना या फेऱ्यात ओढू नका. आम्ही त्यांना फोल्डिंग खुर्च्या, चहाचा थर्मास आणि पुस्तक देऊन लेक जीनपाशी बसवतो. फोनला रेंज जवळजवळ नसते, म्हणून किती वाजता आणि कुठे भेटायचं हे आधी ठरवा, आणि सांगितलेल्या वेळेत एक तास जास्तीचा धरा. पहिल्यांदा सासरे काळजीने पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या वाट्याचा धबधबा नंतर: खाली रूट ११८ वरच्या पार्किंगपासून अॅडम्स फॉल्स अगदी जवळ आहे. सासूबाई तिथे कातळाला हात टेकून बराच वेळ उभ्या होत्या. त्याच पार्किंगजवळून एव्हरग्रीन ट्रेलचा मैलभराचा छोटा फेरा आहे, जुन्या उंच हेमलॉक झाडांमधून. गुडघे बरे असतील तर तोही करा. लेक जीनकडून खाली येणारा रस्ता तीव्र उताराचा आहे, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा.

पाणी वसंतात भरपूर असतं. ऑगस्टमध्ये पाऊस ओढला असेल तर धारा बारीक होतात. ऑक्टोबरच्या मध्यात पानांचे रंग असतात, पण गर्दीही तेवढीच. हिवाळ्यात घळी बर्फाने भरतात, ते कुटुंबकबिल्याचं काम नाही. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर वाट बंद नाही ना एवढं बघा.

घळीच्या वाटेवर स्वच्छतागृह नाही, वरच सगळ्यांना जाऊन यायला लावा. माणशी एक लिटर पाणी, प्रत्येकाला मोज्यांचा एक जादा जोड, कचऱ्यासाठी पिशवी. अस्वलांचा भाग आहे, खाणं उघडं टाकून जायचं नाही.

आणि रात्री कितीही झोप आली तरी आंघोळीच्या वेळी गोचीड तपासा. पेन्सिल्व्हेनियात गोचीड चावल्याने होणारा लाइम रोग बराच आहे. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, गुडघ्याच्या मागे, बेंबीत. आमच्या लेकीच्या मोज्याच्या रबराखाली तिळाएवढी एक सापडली होती, अजून चिकटली नव्हती. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. तेल-बिल लावू नका. तारीख लिहून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा लाल चट्टा आला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.