वाफेची मोटार: सुरुवात तांब्याच्या नळीपासून
वाफेवरची मोटार पुन्हा रस्त्यावर यावी असं वाटतं ना? मग बॉयलरच्या टाकीमागे लागू नका, पाणी तापवायला नळीचं वेटोळं करा. डोबल या अमेरिकन कंपनीच्या १९२०च्या दशकातल्या वाफेच्या गाडीत वेटोळंच होतं. आत पाणी थोडं, म्हणून मिनिटभरात वाफ.

पुण्याच्या बोहरी आळीतून मऊ तांब्याची नळी आणा. कोरडी, बारीक वाळू ठोकून ठोकून भरा, टोकं बंद करा, जाड पाइपावर सावकाश गुंडाळा. माझी पहिली नळी वाळूविना तिसऱ्याच वेढ्याला चेपली. नंतर वाळू पूर्ण काढा.

सुरुवात टेबलावरच्या छोट्या इंजिनाने करा; त्याला ३ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) पुरे. आधी चाचणी म्हणून वेटोळ्यात थंड पाणी गच्च भरून हातपंपाने साडेचार बार दाब द्या. हवेने कधीच नाही! सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की वाफ सोडणारी झडप) बसल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही.