रक्ताचा डॉक्टर व्हायचं तर

मराठवाड्यातल्या ओपीडीत कुणी ‘पेशी कमी झाल्यात’ म्हणालं की ते प्लेटलेटबद्दल बोलतंय असं समजा. ‘पांढऱ्या पेशी’ म्हणालं तरी बहुतेक वेळा प्लेटलेटच. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द गावोगाव पोचवला आणि तो तसाच रुजला. मी नवा होतो तेव्हा हे माहीत नव्हतं. एका काकांनी विचारलं, “साहेब, पांढऱ्या पेशी कशा हायत?” मी रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं, “एकदम छान.” काका पिशवी उचलून घरी निघाले. त्यांच्या प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) होत्या अवघ्या बारा हजार. सिस्टरनं गेटवर माणूस पाठवून त्यांना परत आणलं आणि मग माझ्याकडं जे बघितलं, ते अजून आठवतं.

दरवर्षी चार-दोन ज्युनिअर विचारतात, हिमॅटोलॉजी (रक्ताच्या आजारांची शाखा) घेऊ का? एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथं लिहून ठेवतो.

वाट लांब आहे, ते आधी बघा. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समधली एमडीची तीन, मग नीट-एसएससारखी प्रवेशपरीक्षा देऊन क्लिनिकल हिमॅटोलॉजीत डीएमची (सुपरस्पेशालिटीची) आणखी तीन. पॅथॉलॉजीवाल्यांना हिमॅटोपॅथॉलॉजीची वेगळी वाट आहे. सरकारी कॉलेजात शिकलात तर मधेमधे बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी नोकरीची वर्षं. वर्गमित्रांचे दवाखाने उभे राहतात, त्यांवर दोन मजले चढतात आणि तुम्ही अजून ‘रेसिडेंट’ असता. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, विशेषतः लग्नाचं बघत असतील तर.

पण डीएम मिळाल्यावर हे शास्त्र शिकू, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. माझं खरं शिक्षण सुरू झालं एमडीच्या पहिल्या वर्षी, कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी चारनंतर. तिथले टेक्निशियन मामा रिटायरमेंटला आलेले. त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते काच पुसायला. नंतर थेंब केवढा घ्यायचा, पुढची काच किती तिरपी धरायची, आणि रक्त पातळ असलेल्या, म्हणजे हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या पेशंटचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) ओढताना ती काच जरा उभी धरून हात झटकन का चालवायचा. लिशमन (पेशी रंगवायचा स्टेन) टाकून दोन मिनिटं थांबायचं, मग बफर (पीएच ठरलेला ठेवणारं पाणी) घालून सात-आठ मिनिटं. एका उन्हाळ्यात आमच्या सगळ्याच स्लाइड निळ्याभोर यायला लागल्या. मी स्टेनची बाटली बदलली, परत निळ्याच. मामांनी नळाकडं बोट केलं. लॅबमध्ये टँकरचं पाणी येत होतं आणि घाईत कुणीतरी बफरऐवजी तेच वापरत होतं. जड, अल्कलाइन पाणी लिशमनला निळं करतं. पुस्तकात ‘पीएच ६.८’ एवढंच असतं. त्या आकड्याला काय अर्थ आहे, ते मला टँकरनं शिकवलं.

याच लॅबमुळं एक माणूस जमीन विकता विकता राहिला. गंगाखेडकडचा शेतकरी, वय पन्नाशीचं, गळ्यात तुळशीची माळ. हिमोग्लोबिन चार, पांढऱ्या पेशी (खऱ्या पांढऱ्या) एकोणीसशे, प्लेटलेट अडतीस हजार. डोळे पिवळसर, म्हणून गावात दोनदा काविळीचं औषध घेऊन झालेलं. मी केसपेपरवर ल्युकेमियाची (ब्लड कॅन्सरची) शंका लिहिली आणि मुंबईची चिठ्ठी तयार केली. बाहेर व्हरांड्यात भाऊबंद एकराचा भाव काढत होते. संध्याकाळी मामांनी बोलावलं. “साहेब, न्यूट्रोफिलचे तुकडे मोजलेत का?” मोजले नव्हते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत बघतो तर नेहमीपेक्षा जास्त, सहा-सहा तुकड्यांची केंद्रकं आणि मोठ्या, अंडाकृती लाल पेशी. परत वॉर्डात जाऊन हात बघितले, बोटांची पेरं काळवंडलेली. ती मी सकाळीही बघितली होती, पण शेतकऱ्याचे हात म्हणून सोडून दिली होती. माळ घातल्यापासून मांस-मासे-अंडी बंद, आणि दूध चहात पडेल तेवढंच.

बी-१२ जीवनसत्त्व कमी. ज्या पेशी मॅरोमध्ये (हाडातल्या मगजात) नीट तयारच होत नाहीत, त्या तिथंच फुटतात, म्हणून ते पिवळेपण. इंजेक्शनं सुरू केली, आठवड्यात रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) उसळले, नंतर प्लेटलेट चढल्या. मुंबईची चिठ्ठी मी स्वतःच फाडली. आपल्या भागात तिन्ही प्रकारच्या पेशी कमी दिसल्या की आधी हे बघा, मग ब्लड कॅन्सरचं नाव काढा. तो शब्द एकदा तोंडातून गेला की परत घेता येत नाही.

हिस्टरी घेताना आजोळाला सोडू नका. पोराचं जावळ काढताना, दात पडताना रक्त थांबलं नाही म्हणून घेऊन येतात. पहिला प्रश्न, मामाला असं होतं का? हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आईकडून मुलाकडं येतो, त्यामुळं अर्धं निदान आजोळी असतं. “थोरला मामा लहानपणीच गेला, गुडघे सुजायचे त्याचे,” असं आजी सहज सांगून जाते. दुसरा प्रश्न जरा जपून विचारायचा, आई-वडिलांचं आधीपासून नातं काय? मामाची पोरगी करायची रीत आपल्याकडं अजून आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी दोष यावा लागतो असे आजार आपल्याला दिसतात. ग्लान्झमन हा त्यातलाच. प्लेटलेटचा आकडा अगदी व्यवस्थित, अडीच लाख, आणि पोरीचा घोळणा फुटला की दोन दिवस थांबत नाही. पेशी आहेत पण एकमेकींना चिकटत नाहीत. आकड्यावर विश्वास ठेवणारा डॉक्टर ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतो. किनवट-माहूरकडून आलेल्या पोराचे हातपाय ठणकत असतील तर सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या आजाराची) तपासणी त्याच दिवशी लावा, वात म्हणून गोळ्या देत बसू नका.

बोन मॅरो (सुईनं मगज काढून तपासणं) करायला सगळ्यांना आवडतं, पेशंट सोडून. नातेवाइकांची भीती ठरलेली: “पाठीतलं पानी काढू नका साहेब, पोरगं लुळं पडंल.” त्यावर चिडू नका. स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवा की सुई मणक्यात नाही, मागच्या बाजूला कमरेचं जे हाड हाताला लागतं, तिथं जाते. आणि पेशंटशी खोटं बोलू नका. कातडी आणि हाडावरचा पापुद्रा बधिर करता येतो, पण सिरिंज ओढताना आतून जी कळ येते ती लिग्नोकेननं जात नाही. “आता एक कळ येईल, तीन म्हणेपर्यंत” असं सांगून ओढलं की माणूस सहन करतो. न सांगता ओढलं तर पुढच्या वेळी तो तुम्हाला हात लावू देत नाही, आणि या आजारांत पुढची वेळ असतेच. पहिल्यांदा अगदी थोडं, अर्ध्या मिलिलिटरच्या आत ओढा. हावरटपणा केला तर नुसतं रक्तच येतं. काचेवर रव्यासारखे चमकते कण दिसले की समजा मॅरो आला. मग गोठायच्या आत स्मिअर, गप्पा नंतर.

डीएमसाठी मात्र बाहेर पडावंच लागतं. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी अशा ठिकाणी वॉर्ड, डे-केअर, ट्रान्सप्लांट युनिट, रक्तपेढी, कोॲग्युलेशन (रक्त गोठण्याच्या तपासण्या), फ्लो सायटोमेट्री (यंत्रावर पेशी ओळखणं) अशी आळीपाळीनं ड्यूटी लागते. त्यातलं बरंचसं पुस्तकात आहे, म्हणून सोडतो. पुस्तकात नसते ती शिस्त. केमोनंतर न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेलेल्या पेशंटला ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक शिरेत गेलं पाहिजे. कल्चरच्या रिपोर्टची वाट बघायची नाही, ‘सकाळी सरांना विचारू’ म्हणायचं नाही. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध फक्त शिरेतून. ते चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर पेशंट जवळजवळ वाचतच नाही, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनमध्ये मिसळायचं आणि पाठीत इंजेक्शन द्यायच्या वेळी त्या खोलीत आणायचंच नाही. दहा वर्षांच्या मुलासमोर औषधांची नावं मोठ्यानं वाचून दुसऱ्याकडून तपासून घेताना सुरुवातीला ओशाळल्यासारखं होतं. होऊ द्या.

आता रिसर्च, ज्याचं नाव काढलं की ज्युनिअर तोंड वाकडं करतात. थिसिस म्हणजे सीनिअरची जुनी फाईल घेऊन शीर्षक बदलायचं, असा आपल्याकडं समज आहे. रक्तशास्त्राचा इतिहास बघा. १९३० च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या बाई मुंबईतल्या गिरणी कामगार गर्भवतींच्या ॲनिमियाचं (रक्त कमी असण्याचं) कारण शोधत होत्या. यीस्टच्या अर्कानं बायका सुधारतात हे त्यांना दिसलं, आणि त्या धाग्यावरून पुढं फॉलिक ॲसिड सापडलं. १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे कुठल्याच गटाशी जुळेना, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. वेल्लोरनं प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात एकट्या आर्सेनिक ट्रायऑक्साइडवर पेशंट बरे करून २००६ मध्ये निकाल छापले. परदेशातली महागडी पद्धत आपल्या पेशंटला झेपत नाही, यातून तो प्रश्न आला होता. प्रश्न वॉर्डातून उचललेले आहेत सगळे.

मीपण उचलला, पण आपटलो. विषय घेतला ऊसतोड करणाऱ्या बायकांचा ॲनिमिया. बीड, गेवराई, वडवणीकडच्या बायका, अंगावरून जास्त जाणं, हिमोग्लोबिन सहा-सात. लोहाची गोळी, दर महिन्याला तपासणी, तीन महिन्यांनी निकाल. एथिक्स कमिटीनं मंजूर केलं, गाईडनं सही केली. सुरुवात केली ऑगस्टमध्ये. दसरा झाला आणि बायका येईनात. निम्म्याहून जास्त गायब. फोन लावला तर फडावरून आवाज, “आम्ही कर्नाटकात हाव सर, पट्टा पडल्यावर येतो.” पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, कोयता (नवरा-बायकोची जोडी) ठरलेला, टोळी निघाली की निघाली. सगळ्या कमिटीत एकालाही हे सुचलं नाही, आणि मी तर याच भागातला! थिसिस कसाबसा पूर्ण झाला, पण त्यातल्या निष्कर्षावर माझा आजही विश्वास नाही.

म्हणून एमबीबीएसलाच सवय लावून घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करता येतो. छोटा घ्या, पण पेशंट सापडतील असा घ्या. आणि महात्मा फुले योजनेच्या (सरकारी मोफत उपचारांच्या) आरोग्यमित्राशी, म्हणजे दवाखान्यात तिचे कागद बघणाऱ्याशी दोस्ती करा. आधार आणि रेशन कार्डावरची नावं जुळत नाहीत म्हणून केमो दोन दिवस लांबते, तेव्हा तुमची डिग्री काही करू शकत नाही, तो करू शकतो.

परवा एक पहिल्या वर्षाची रेसिडेंट सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) घेऊन आली. विषय तोच, ऊसतोड बायकांचा ॲनिमिया, या वेळी शिरेतून लोह. मी वाचायच्या आधी विचारलं, सुरुवात कधी? म्हणाली, सप्टेंबर. मी काही बोललो नाही, भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ऑक्टोबरचं पान उलटलं, दसऱ्यावर बोट ठेवलं आणि गप्प झाली.

“माझी आई जायची सर,” ती म्हणाली. “मलाच सुचलं नाही.”

मग तिनं पेन मागून घेतलं आणि सप्टेंबर खोडून गुढीपाडवा लिहिला.