सेंद्रिय बोकड म्हणायचा तर आधी सरकीची ढेप बघा

सोयाबीन निघालं, धुऱ्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं, की आपल्याकडच्या शेळीपालकांच्या कमाईचे महिने जवळ येतात. डिसेंबरअखेर विकायचा बोकड आज सात-आठ महिन्यांचा आहे. त्याचं मटण कसं निघणार, हे पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ठरणार आहे. काटोलपासून उमरेडपर्यंत सध्या एकच प्रश्न कानावर येतो: आमच्या बकऱ्या दिवसभर बाहेर चरतात, मग आमचा बोकड सेंद्रियच झाला ना?

नुसत्या चरण्याने होत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत जनुकीय बदल केलेल्या पिकाचा खुराक चालत नाही आणि चाऱ्यात युरिया मिसळणंही चालत नाही. विदर्भातली जवळजवळ सगळी कपाशी बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेलीच आहे. म्हणजे बाजारातली सरकीची ढेप, जिच्यावर आपले निम्मे बोकड पोसले जातात, ती पहिल्याच दिवशी बाद. सेंद्रिय म्हणून विकायचं मनात असेल तर आधी हा प्रश्न सोडवा, प्रमाणपत्राचा अर्ज नंतर भरा.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांच्या, चराईचंही तेच. शेवटची वेचणी झाली की वावरात बकऱ्या सोडायचा सल्ला आपण देतो आणि तो योग्यच आहे. उरलेली बोंडं खाल्ली गेली की गुलाबी बोंडअळीचा पुढचा मुक्काम मोडतो. पण त्याच पऱ्हाटीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. सेंद्रिय कळपाला तिकडे नेऊ नका. साध्या कळपालासुद्धा ताज्या फवारणीच्या वावरात किंवा त्याच्या धुऱ्यावर सोडू नका, कारण काही औषधांचे अंश चरबीत साठतात.

मग खुराक काय द्यायचा? घरच्या, बिनफवारणीच्या तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि चुनी (डाळीचा चुरा), ज्वारीचा भरडा, सुबाभूळ आणि शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा. सोयाबीनचं कुटारही चालतं, फक्त पावसात भिजून बुरशी धरलेलं असेल तर बैलांनाही नको आणि बकऱ्यांनाही नको. आणि जवस. नागपूर विभागाचं हे जुनं पीक आपण जवळजवळ सोडून दिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जवसात ओमेगा-3 भरपूर असतं. बकरीच्या पोटात त्यातला बराच भाग बदलून जातो, तरी थोडा मांसात उतरतो. सेंद्रिय जवसाची थोडी ढेप मिळाली तर जरूर द्या, एकदम नको, हळूहळू वाढवा.

आता मुख्य मुद्दा, मटणाचा. जात आणि वय सारखं असेल तर सेंद्रिय आणि साध्या बोकडाच्या चवीत लोक समजतात तेवढा फरक नसतो. फरक पडतो तो चराई आणि खुराकाच्या प्रमाणाने. चरून वाढलेल्या बोकडाचं मांस जरा गडद आणि कमी चरबीचं, त्यात ओमेगा-3 जास्त. खुराकावर वाढलेला लवकर भरतो, त्याचं मटण जास्त मऊ. मात्र बकरीची चरबी कातडीखाली कमी आणि गुर्दे-आतड्यांभोवती जास्त साठते. म्हणजे शेवटच्या महिन्यात ढेप कोंबून चढवलेल्या वजनातला मोठा वाटा पोटातच राहतो. गिऱ्हाईक त्याचे मटणाच्या भावाने पैसे देत नाही. खच्ची केलेल्या बोकडाला फार दाणा घातला तर मुतखडाही होतो, त्यामुळे मीठ आणि भरपूर पाणी चुकवू नका.

वय मात्र सगळ्यांवर मात करतं. वर्षाच्या आतला आपल्या बेरारी जातीचा बोकड सावजी रश्श्यात जसा शिजतो तसा अडीच वर्षांचा शिजणार नाही, मग तो कितीही सेंद्रिय असो. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाचा उग्र वास तर मसाल्यालाही पुरून उरतो.

औषधांबाबत एक गोष्ट माझ्याच गोठ्यातली. एका हिवाळ्यात लंगडणाऱ्या बोकडाला मी घाईने मांडीत सुई टोचली आणि तो बरा झाल्यावर विकला. खाटकाने मांडी कापली तेव्हा आत पिवळसर, चिकट, सुपारीएवढी गाठ निघाली. मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा त्याने माझ्यासमोर बाजूला काढला. त्या दिवसापासून सुई मानेतच. औषधाच्या लेबलवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तिथे 14 दिवस असतील तर सेंद्रिय नियमात दुप्पट, म्हणजे 28 दिवस धरायचे. विक्रीच्या तारखेपासून मागे मोजा आणि वहीत औषध, तारीख, बोकडाच्या कानातला बिल्ला क्रमांक लिहून ठेवा.

जंताचं औषध सरसकट सगळ्यांना पाजण्याचे दिवस गेले. सकाळच्या उजेडात बोकडाची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघा. आतली कातडी लाल असेल तर औषध नको. फिकट, पांढुरकी दिसली तर रक्त पिणारे जंत आहेत असं समजून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याच जनावराला द्या. दव उडाल्यावर चरायला सोडा, कारण ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या वर चढलेल्या असतात. पीपीआर (शेळ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) आणि आंत्रविषाराच्या (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) लशी सेंद्रिय कळपालाही चालतात. सेंद्रियच्या नावाखाली लस टाळणाऱ्यांनी पीपीआरने बसलेला कळप एकदा डोळ्यांनी बघावा.

शेवटचा दिवस सांभाळा. बोकड दमला, घाबरला की त्याच्या स्नायूंतली साखर आधीच संपते. कापल्यावर तिचं आम्ल बनून मांसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) 5.5 ते 5.8 पर्यंत उतरायला हवा, तो 6 च्या वरच राहतो. असं मटण काळपट, चिकट दिसतं आणि लवकर खराब होतं. म्हणून भर उन्हात टेम्पोत दाटीवाटीने भरू नका, पाय बांधू नका, ओळखीचे बोकडच एकत्र ठेवा. आदल्या संध्याकाळी पोहोचवा आणि रात्रभर सावलीच्या जागी समोर पाणी ठेवून बसू द्या.