दंड जाड असेल तर आधी पट्टा बदला

जिममधलं पोरगं बीपीचा रिपोर्ट घेऊन आलं की मी आधी विचारतो, बीपी मोजताना दंडाला पट्टा कुठला लावला होता? नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंटिमीटर दंडापर्यंतचा. तुमचा दंड १७ इंची, म्हणजे ४३ सेंटिमीटर. आकडा खोटाच चढणार. मोठा पट्टा घ्या. अर्धा तास आधी कॉफी, प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घेतात ती उत्तेजक पावडर) बंद, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग मोजा. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून वही डॉक्टरांना दाखवा.

मला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून 'लो सोडियम' मीठ परस्पर आणू नका. त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पर्धेआधी पाणी तोडून वर लघवीची गोळी घेणं तर या औषधासोबत किडनीशी खेळ आहे. स्नायू कापीव, ठळक दिसायला हौसेने मरायचं का?

कोलेस्टेरॉलला रोसुवास्टॅटिन. तपासणीला रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस जड लेग डे (पायांचा व्यायाम) नको. नुसत्या व्यायामाने सीके (स्नायूंचं एन्झाइम) आणि एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतलं, पण स्नायूंतही असणारं एन्झाइम) वाढतात आणि खापर गोळीवर फुटतं. क्रिएटिन ही जिमवाल्यांची पावडर घेत असाल तर तेही सांगा, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वर दिसतं. मात्र अंग विनाकारण ठणकत असेल आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि स्टेरॉइड घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्याने चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, बीपी चढतं. बीपीची असो की कोलेस्टेरॉलची, गोळी मनाने बंद करायची नाही, वाढवायचीही नाही.